पशुवैद्यकीय दवाखान्यातले चिवट जिवाणू: अँटिबायोटिक बदलण्याआधी काय काय बदलायचे

कुत्रीची नसबंदी नीट झाली, पण सातव्या दिवशी टाक्यांतून पू आला. सेफ्ट्रायक्झोन हे अँटिबायोटिक चालूच होते, त्याच्या जागी टॅझोबॅक्टमची जोड असलेले आले, मग अमिकासिन. पंधरवड्यात दुसऱ्या कुत्रीचे तेच झाले. अशा वेळी डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटात ठरलेला प्रश्न पडतो, "सर, आता कोणते देऊ?" त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: दोन्ही कुत्र्यांना एकच जिवाणू लागला असेल, तर तो दवाखान्यात राहतो कुठे?

हा लेख दोन प्रकारच्या जागांसाठी आहे. एक, शहरातले कुत्र्या-मांजरांचे खाजगी क्लिनिक, जिथे छोटे ऑपरेशन थिएटर आणि चार-सहा पिंजरे असतात. दुसरी, तालुक्याचा किंवा गावचा श्रेणी-१ दवाखाना, जिथे खोडा, ड्रेसिंगची खोली आणि दिवसभर गोठ्यांवर फिरणारी गाडी हाच संसार असतो. दोन्हीकडची साधने वेगळी, पण जिवाणू पसरायच्या वाटा जवळपास सारख्याच.

कोणाशी गाठ आहे

कुत्र्यांच्या त्वचेवर मुळातच राहणारा स्टॅफिलोकॉकस सुडिंटरमीडियस हा जखमा, कान आणि टाके यांतला नेहमीचा पाहुणा. त्याचा मेथिसिलिनला (पेनिसिलिन घराण्यातले औषध) न जुमानणारा प्रकार दवाखान्यात शिरला की सेफॅलेक्सिनपासून सेफ्ट्रायक्झोनपर्यंतची सगळी फळी एकदम निकामी होते. माणसांत बदनाम असलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस घोड्यांत, गाईंच्या कासेत आणि आपल्या स्वतःच्या नाकात सापडतो. ई. कोलाय आणि क्लेबसिएला आतड्यातले. त्यांतल्या काहींकडे सेफॅलोस्पोरिन तोडणारी विकरे असतात. सुडोमोनसला ओल लागते. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या टेबलावरही महिनोन्‌महिने तग धरतो. साल्मोनेला हगवणीतून पसरतो आणि मोठ्या जनावरांच्या दवाखान्यात हाहाकार उडवतो.

प्रतिकारक्षमतेची जनुके बऱ्याचदा प्लाझ्मिडवर (जिवाणूंमधल्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर) असतात आणि एका जिवाणूकडून वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही जातात. म्हणून आपण ज्या ई. कोलायवर उपचार करत नव्हतो, तोही आपल्याच औषधाने चिवट बनतो. एन्रोफ्लॉक्सासिनचा पाच दिवसांचा कोर्स कानासाठी दिला तरी आतड्यातल्या जिवाणूंतून चिवट तेवढे मागे राहण्याची निवड त्याच पाच दिवसांत होत असते.

आधी ओल्या वस्तू शोधा

एखाद्या दुपारी, दवाखाना रिकामा असताना, वही घेऊन फिरा. टेबल आणि फरशी नंतर पाहू. आधी जिथे जिथे पाणी, द्रावण किंवा जेल साठवलेले आहे तिथे जा.

पहिली वस्तू म्हणजे कापसाच्या बोळ्यांचा डबा. सॅव्हलॉन किंवा बेंझाल्कोनियमच्या द्रावणात बोळे बुडवून ठेवलेले, दिवसभर त्यात हात घातलेला, संध्याकाळी कमी झाले की वरून पुन्हा द्रावण ओतलेले. हा डबा जंतुनाशकाचा आहे असे आपण समजतो, पण कापूस जंतुनाशक शोषून निष्प्रभ करतो आणि सेरेशिया, सुडोमोनस यांसारखे जिवाणू त्यातच वाढतात. अमेरिकेतल्या एका पशुवैद्यकीय रुग्णालयात सेरेशियाचा संसर्ग असाच बेंझाल्कोनियममधून पसरल्याचे १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. चार दशके उलटली तरी तो डबा आपल्याकडे टेबलावर असतोच. उपाय फुकटात होतो: कोरडे, ऑटोक्लेव्ह केलेले बोळे छोट्या पाकिटांत ठेवा आणि वापरताना बाटलीतून स्पिरिट किंवा क्लोरहेक्सिडिन ओता. अर्धी बाटली वरून भरायची नाही. संपली की धुऊन, वाळवून मगच भरायची, आणि त्यावर तारीख हवी.

दुसरी, सलाइनची बाटली. बुचात सुई कायमची खोचलेली आणि दिवसभर तिच्यातून पाच-पाच मिली काढून पावडरची इंजेक्शने विरघळवणे सुरू. ती सुई म्हणजे बाटलीला पाडलेले कायमचे भोक. पावडर विरघळवायला १० मिलीचे छोटे ॲम्प्यूल वापरा. मोठी बाटली वापरलीच तर दर वेळी बूच पुसा, नवी सुई घाला आणि दिवस संपला की ती बाटली टाकून द्या. वीस-तीस रुपयांची बाटली वाचवायला गेलेला दवाखाना टाके पिकल्यावर किती घालवतो याचा हिशेब कोणी मांडत नाही.

प्रोपोफॉल हे भुलीचे इंजेक्शन म्हणजे तेलाच्या थेंबांचे दूध आहे आणि जिवाणूंना ते आवडते. व्हायल उघडली की काही तासांत संपवायची किंवा टाकायची. उद्याच्या रुग्णासाठी फ्रिजमध्ये ठेवायची नाही.

सोनोग्राफीच्या जेलची बाटली मोठ्या डब्यातून पुन्हा पुन्हा भरली जाते, तीही थांबवा. पोटातून सुईने लघवी काढायची असेल तर तिथे जेलऐवजी स्पिरिट लावूनच प्रोब टेकवा. हात धुण्याच्या बेसिनचे जाळे सुडोमोनसचे घर असते, त्यामुळे बेसिनच्या कडेला सुया, सिरिंजा, एंडोट्रॅकियल (श्वासनळीत घालायच्या) नळ्या वाळत ठेवू नका. पाण्याचे शिंतोडे साधारण हातभर लांब उडतात. धुलाईचे काम आणि औषध भरायचे काम यांसाठी वेगळे कोपरे करा. जागा नसेल तर मध्ये प्लास्टिकचा उभा पत्रा लावला तरी चालतो.

ओल्या वस्तू झाल्या की हाताळल्या जाणाऱ्या: केस कापायच्या मशीनचे पाते, गुदद्वारात घालायचा थर्मामीटर, मुसके, तोंड उघडायचा गॅग, स्टेथोस्कोप, पिंजऱ्याची कडी, संगणकाचा कीबोर्ड आणि आपला मोबाईल. मशीनचे पाते सगळ्यात दुर्लक्षित. ते कातडीला बारीक ओरखडे काढते आणि मागच्या कुत्र्याच्या गळवातला पू त्यात भरतो. पाती दोन-तीन संच ठेवा. प्रत्येक रुग्णानंतर ब्रशने केस काढून, धुऊन, जंतुनाशकात भिजवून वाळवा. थर्मामीटरला प्लास्टिकचे आवरण मिळते. नाही मिळाले तर दर वेळी साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा. डब्यात बुडवून ठेवलेला थर्मामीटर म्हणजे पुन्हा तोच कापसाचा डबा.

हात

स्पिरिटयुक्त हँडरब २० ते ३० सेकंद चोळायचा, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हात दिसायला मळलेला असेल, शेण, रक्त, पू लागला असेल तर हँडरब कामाचा नाही, आधी धुवावेच लागते. पार्व्होचा विषाणू आणि क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू स्पिरिटला दाद देत नाहीत, त्यामुळे हगवणीच्या पिल्लानंतर साबणच.

कधी धुवायचे हे भिंतीवरच्या तक्त्याने ठरत नाही, बाटली कुठे टांगली आहे त्यावर ठरते. तपासणीच्या टेबलाच्या हाताच्या अंतरावर हँडरब नसेल तर डॉक्टर धुणार नाहीत, परिचर तर नाहीच. प्रत्येक टेबलाला एक, पिंजऱ्यांच्या खोलीच्या दाराला एक, गाडीत एक. हातमोजे घातले म्हणून सुटका होत नाही. त्याच मोज्यांनी फोन उचलला, पिंजरा उघडला आणि दुसऱ्याची जखम बांधली तर मोजे नसते तर बरे होते, कारण निदान हात धुवायची आठवण झाली असती. अंगठी, मनगटी घड्याळ आणि लांब बाही कामाच्या वेळी बाजूला.

सफाई: आधी धुणे, मग मारणे

शेण, रक्त, लघवी, लाळ यांच्यावर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ओतला तर क्लोरीन त्या घाणीतच संपते. म्हणून क्रम असा: घाण खरवडून उचला, साबणाच्या पाण्याने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, पाणी ओढून काढा आणि मगच जंतुनाशक लावा. लावल्यावर ते १० मिनिटे ओले राहिले पाहिजे. फवारले आणि लगेच फडक्याने पुसले, हे काम फक्त वासासाठी झाले. टेबलासारख्या धातूवर १० मिनिटांनी पाण्याने पुसून काढा, नाहीतर गंज चढतो.

हिशेब लिहून बादलीच्या वर चिकटवा. बाजारात हायपो वेगवेगळ्या ताकदीचा मिळतो, त्यामुळे आधी कॅनवरचा आकडा वाचा. ४ टक्क्यांचा असेल तर रोजच्या धुतलेल्या फरशीसाठी ०.१ टक्का हवा, म्हणजे २५ मिली घेऊन पाण्याने एक लिटर करा. रक्त-पू सांडलेल्या किंवा हगवणीच्या पिंजऱ्यासाठी ०.५ टक्के, म्हणजे १२५ मिली घेऊन एक लिटर. कॅन १० टक्क्यांचा असेल तर याच दोन कामांना १० मिली आणि ५० मिली. ब्लीचिंग पावडरमध्ये ताजी असताना सुमारे ३० टक्के क्लोरीन असते. लिटरभर पाण्यात १६-१७ ग्रॅम टाकली की ०.५ टक्क्याच्या आसपास येते, पण उघड्या पोत्यातली जुनी पावडर हा आकडा पाळत नाही. द्रावण रोज सकाळी नवे करायचे. कालचे उरले असेल तर गटारात.

हायपो टॉयलेट क्लीनरसारख्या ॲसिडमध्ये मिसळला तर क्लोरीन वायू सुटतो. साचलेल्या लघवीवर सरळ ओतला तर क्लोरामाइनचे झोंबणारे धूर निघतात. बंद खोलीत परिचराचा घसा आणि मांजराची फुफ्फुसे दोन्ही धोक्यात. काळे-पांढरे फिनेल आपल्याकडे लाडके आहे, पण फिनॉलवर्गीय रसायने आणि डेटॉलमधले क्लोरोझायलेनॉल मांजरांना विषारी. मांजरे ठेवायच्या खोलीत ती नकोतच.

पोछा हा सगळ्यात मोठा वाहक. एकच बादली घेऊन थिएटरपासून हगवणीच्या पिंजऱ्यापर्यंत आणि परत, असे चालू असेल तर आपण जिवाणूंची टपालसेवाच चालवतो. तीन रंगांचे तीन पोछे आणि तीन बादल्या घ्या: थिएटर, ओपीडी, संसर्गाची खोली. पुसत जायचे ते स्वच्छ जागेकडून घाणीकडे. रात्री पोछे धुऊन उन्हात उलटे टांगा, बादलीत भिजत नको. सफाई करणाऱ्या मावशींना किंवा काकांना हे कारणासकट समजावून सांगा. एकदा कारण कळले की त्या डॉक्टरांपेक्षा काटेकोर होतात.

थिएटरच्या धुरीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. दर शनिवारी फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेटचा धूर करून खोली बंद करण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे, आणि टेबलाच्या सांध्यात वाळलेल्या रक्ताखालच्या जिवाणूंपर्यंत हा धूर पोचत नाही. घासून धुण्याची जागा धुरी घेऊ शकत नाही. त्या वेळात टेबलाचे खालचे अंग, दिव्याची मूठ, भूल यंत्राची बटणे आणि सलाइनचा स्टँड घासले तर जास्त फायदा.

सफाई झाली की नाही हे तपासायला महागड्या चाचण्या लागत नाहीत. यूव्ही टॉर्चखाली चमकणाऱ्या मार्करने पिंजऱ्याच्या कडीला, टेबलाच्या कडेला, दाराच्या मुठीला न सांगता ठिपके द्या आणि दुसऱ्या दिवशी टॉर्च मारून बघा. किती ठिपके उरले तेवढेच बोला, कोणाचे नाव घेऊन नको.

हत्यारे

उकळल्याने बीजाणू मरत नाहीत. गावच्या दवाखान्यात अजून सुईपात्र उकळते, ते आता बंद करायला हवे. १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाब येतो तो साधा ऑटोक्लेव्ह. त्यात कापडात बांधलेल्या संचाला पुरी ३० मिनिटे द्या, आणि वेळ मोजायची ती तापमान गाठल्यावर. संच भरताना कात्र्या-चिमट्यांचे सांधे उघडे, वाट्या आडव्या, डबा ठासून नको. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आत घालण्याआधी सांध्यातले रक्त ब्रशने काढलेले असावे. बाहेरची पट्टी रंग बदलते याचा अर्थ संच गरम झाला, एवढाच. आतपर्यंत वाफ पोचली का हे संचाच्या मधोमध ठेवलेली रासायनिक पट्टी सांगते, आणि यंत्र खरेच काम करते का हे जिओबॅसिलस बीजाणूंची चाचणी. ओला निघालेला संच निर्जंतुक समजू नका, ओल्या कापडातून जिवाणू आत जातात.

दिवसात पाच नसबंद्या आणि संच दोनच, ही खरी अडचण आहे. मधल्या वेळात हत्यारे सॅव्हलॉनमध्ये बुडवून पुढच्या कुत्रीला वापरली जातात. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी केंद्रांत तर हे सर्रास दिसते. संच वाढवणे हाच उपाय आहे. तो होईपर्यंत दिवसाच्या शस्त्रक्रिया संचांच्या संख्येइतक्याच घ्या.

गोठ्यावर

कृत्रिम रेतनात प्रत्येक गाईला नवी शीथ (रेतनाच्या नळीवरचे प्लास्टिकचे आवरण) आणि नवा हातमोजा, आणि शीथ आत जाण्याआधी भग कोरड्या कागदाने पुसलेला. लसीकरणात दर जनावराला नवी सुई. सडात औषधाची नळी सोडताना सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने, बोळा पांढरा निघेपर्यंत, पुसा आणि नळीचे टोक जेमतेम काही मिलिमीटर आत घाला.

दूधनळीबद्दल मात्र पशुपालकाशी भांडावे लागले तरी चालेल. सड बंद झाला की बाजारातून आणलेली धातूची नळी, गोठ्यातल्याच पाण्याने धुतलेली, सडात घालणे म्हणजे सुडोमोनसला आमंत्रण. त्याने होणारी दगडी (कासदाह) बहुतेक औषधांना बधत नाही आणि सड जातो. कासदाहाची औषधे महाग का पडू लागली याचे उत्तर कधी कधी त्या नळीत असते.

व्यायल्यावर वार अडकलेली असेल तर हात घालून ओढून काढण्याने गर्भाशयाला इजा होते. गाईला ताप नसेल, ती खात असेल, तर अँटिबायोटिक टाळता येते आणि लक्ष ठेवता येते. ताप आला, दुर्गंधी आली, गाय मलूल झाली की मग इंजेक्शनने. गर्भाशयात नायट्रोफ्युराझोन आणि युरियाच्या गोळ्या टाकायची जुनी सवय आता कायद्यातही बसत नाही: अन्न देणाऱ्या जनावरांत नायट्रोफ्युरान आणि क्लोरॅम्फेनिकॉल वापरण्यावर केंद्र सरकारने २०२५ मध्ये बंदी घातली. कोलिस्टिन तर जुलै २०१९ पासूनच बंद आहे. वार हाताळताना लांब मोजे, चष्मा आणि मास्क हवेतच, कारण ब्रुसेला हा जनावरांतून माणसात येणारा जिवाणू आपल्यालाच आधी गाठतो.

चिठ्ठीवर लिहिण्याआधी

सप्टेंबरमधली संकरित गाय, ताप १०५ अंश, अंगावर गोचीड, खांद्यासमोरच्या गाठी सुजलेल्या. गाडीतून हात सेफ्ट्रायक्झोनकडे जातो. हा बहुधा गोचीडताप असतो. त्यामागचा थायलेरिया हा रक्तातला परजीवी आहे. त्याला बुपार्वाक्वोन लागते, सेफ्ट्रायक्झोन त्याच्यापुढे पाण्यासारखे. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढा, जिम्साने रंगवा, सूक्ष्मदर्शकाखाली बघा. तालुक्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असतो, बऱ्याचदा कपाटात असतो, एवढेच. तिवा हा विषाणूजन्य. ताप कमी करणारे औषध, विश्रांती, पाणी. लम्पीत अँटिबायोटिक फक्त गाठी फुटून दुय्यम संसर्ग झाला तर.

कुत्र्या-मांजरांत तीन जागी हात आवरला तरी वापर बराच खाली येतो. निरोगी कुत्रीची स्वच्छ, तास-दीड तासात संपणारी नसबंदी असेल तर नंतर पाच दिवसांच्या गोळ्यांची गरज नाही. द्यायचेच असेल तर सेफाझोलिन किलोला २२ मिलिग्रॅम, शिरेतून, काप घेण्याच्या ३० ते ६० मिनिटे आधी. शस्त्रक्रिया लांबली तर ९० मिनिटांनी पुन्हा. आणि काप घ्यायच्या जागेचे केस भूल दिल्यानंतरच काढा, आदल्या दिवशी नाही. त्वचेच्या वरवरच्या पुरळाला क्लोरहेक्सिडिनचा शॅम्पू, १० मिनिटे फेस ठेवून, बहुतेकदा पुरतो. लघवीत जिवाणू सापडले पण कुत्र्याला त्रास काहीच नाही, तर औषध नको. त्रास असलेल्या साध्या मूत्राशयदाहाला तीन ते पाच दिवस पुरेत; दोन आठवड्यांची जुनी सवय आता सोडायला हरकत नाही.

पार्व्हो अपवाद आहे. विषाणूच असला तरी पांढऱ्या पेशी घसरल्या आणि आतड्याचे अस्तर गेले की जिवाणू रक्तात शिरतात, तिथे इंजेक्शन द्यावेच लागते.

मेरोपेनेम, लिनेझोलिड, व्हॅन्कोमायसिन ही माणसांसाठी राखून ठेवलेली शेवटची शस्त्रे. औषधाच्या दुकानात ती मिळतात म्हणून ती आपली होत नाहीत. कल्चरने (नमुन्यातला जिवाणू वाढवून औषधे तपासण्याच्या चाचणीने) दुसरा पर्याय नाही असे दाखवले, आणि प्राणी त्यातून वाचण्याची खरी आशा असली, तरच विचार करा.

दूध देणाऱ्या गाईला औषध दिले की चिठ्ठीवर दूध कधीपर्यंत डेअरीला घालायचे नाही हे मराठीत, तारखेसह लिहा. लेबलवर कालावधी असतो. तो ठरवलेला नसेल तर औषधविषयक नियमांनुसार दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस. "थोडे दिवस दूध घालू नका, दादा" असे तोंडी सांगितलेले संकलन केंद्रापर्यंत टिकत नाही.

कल्चर पाठवणे आणि अहवाल वाचणे

आधी काचपट्टी. पू किंवा कानातला मळ पट्टीवर लावून रंगवला की १० मिनिटांत कळते: गोल जिवाणू, दांड्यासारखे, की नुसते यीस्ट. कानाच्या अर्ध्या केसेसमध्ये इथेच निर्णय होतो. उपचार फसला, संसर्ग परत आला, शस्त्रक्रियेनंतर पू आला किंवा काचपट्टीवर दांडे दिसले की कल्चर.

नमुना अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचा. जखमेवरचा वरचा पू सलाइनने धुऊन टाका आणि खोलातून, शक्यतो सुईने ओढून घ्या. लघवी पोटातून सुईने. दुधासाठी पहिल्या तीन-चार धारा सोडून, सडाचे टोक पुसून, नळी तिरकी धरून. लघवी आणि दूध बर्फावर, स्वॅब वाहक माध्यमात. महाराष्ट्रात परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालये आणि पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग हे पत्ते आहेत. शहरात बरेच जण माणसांच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे पाठवलात तर नमुना कुत्र्याचा आहे असे ठळक लिहा. सुडिंटरमीडियसची मेथिसिलिन-प्रतिकारक्षमता ऑक्सासिलिनने पाहावी लागते. माणसांच्या प्रयोगशाळेत सवयीने वापरली जाणारी सेफॉक्सिटिनची चकती त्याला चुकवू शकते.

अहवाल आला की सगळ्यात मोठा गोल (औषधाच्या चकतीभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ) कुठला हे शोधू नका. दोन वेगळ्या औषधांच्या गोलांची मापे एकमेकांशी तुलना करायची नसतात. एकाचा १८ मिलिमीटर चांगला असू शकतो आणि दुसऱ्याचा २२ अपुरा. त्याऐवजी चार गोष्टी बघा. स्टॅफिलोकॉकस ऑक्सासिलिनला प्रतिकारक असेल तर कागदावर सेफॅलेक्सिनपुढे किंवा अमॉक्सी-क्लॅव्हपुढे काहीही लिहिलेले असो, ती खोडा. ई. कोलाय किंवा क्लेबसिएला सेफ्ट्रायक्झोनला प्रतिकारक असेल तर पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन घराण्यावर विसंबू नका. एंटरोकॉकसवर कुठलेच सेफॅलोस्पोरिन चालत नाही, तो जन्मतःच तसा आहे. सुडोमोनसवर अमॉक्सी-क्लॅव्ह आणि टेट्रासायक्लिन तसेच. साल्मोनेलापुढे अमिकासिन-जेंटामायसिन संवेदनशील दिसले तरी शरीरात ते काम करत नाही, कारण जिवाणू पेशींच्या आत लपतो. याउपर उरलेल्यांतून सगळ्यात अरुंद मारा असलेले आणि संसर्गाच्या जागी पोचणारे औषध निवडा. गळू फोडून निचरा केला नसेल तर कुठलेच पोचणार नाही.

अहवाल फाईलमध्ये गाडू नका. एका साध्या वहीत तारीख, प्राणी, जागा, जिवाणू, कशाला प्रतिकारक, आधी काय दिले होते, एवढे रकाने पुरे. एकाच जिवाणूचे तीसेक नमुने जमले की कोणत्या औषधाला किती नमुने बधतात याचा आपल्या दवाखान्याचा टक्का काढता येतो, आणि पुढचे पहिले औषध अंदाजाने निवडायला तो मोठ्या परिषदेतल्या भाषणापेक्षा उपयोगी पडतो. शेजारीच दुसरी वही: प्रत्येक शस्त्रक्रिया आणि ३० दिवसांत टाके पिकले का. हाडाला पट्टी-स्क्रू बसवले असतील तर ९० दिवस.

कचरा

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पशुवैद्यकीय संस्था येतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि सामाईक प्रक्रिया केंद्राशी करार लागतो. पिवळ्या पिशवीत अवयव, रक्ताचे बोळे, मुदत संपलेली औषधे. लालमध्ये सलाइनचे सेट, कॅथेटर, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा. सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. अवयव आणि रक्ताने भिजलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. उरलेले अँटिबायोटिक बेसिनमध्ये ओतू नका. त्याच जाळीत सुडोमोनस बसलेला आहे, त्याला रोज थोडे थोडे पाजून आपणच तयार करतो.

दोन केसेस जुळल्या तर

एकाच पंधरवड्यात एकाच प्रकारचा, जवळपास सारखा प्रतिकार असलेला जिवाणू दोन रुग्णांत आला की साथ समजून चाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मोठ्या जनावरांच्या रुग्णालयाला २००४ मध्ये बहुऔषध-प्रतिकारक साल्मोनेलामुळे सुमारे तीन महिने बंद राहावे लागले होते. एवढे मोठे, सुसज्ज ठिकाण असून. लहान दवाखान्याला तीन दिवस बंद ठेवणे परवडते, तीन महिने नाही.

त्या दिवशी नियोजित शस्त्रक्रिया थांबवा, तातडीच्याच घ्या. ते दोन रुग्ण वेगळ्या खोलीत, त्यांना शेवटी हाताळायचे, त्यांचा थर्मामीटर, ताटली, पट्टा वेगळा, आत जाताना वेगळा एप्रन आणि चप्पल. दोघांच्या वाटेत समान काय होते ते वहीतून काढा: तोच संच, तेच मशीन, तीच सलाइन, तोच पिंजरा, तोच माणूस. मग नमुने घ्यायचे ते त्या वाटेवरच्या वस्तूंचे. भिंती आणि छताचे स्वॅब घेऊन काही हाती लागत नाही. उघडलेल्या सगळ्या बाटल्या, जेल, बोळे, द्रावणे एकाच वेळी टाकून द्या, नमुना घेतल्यानंतर. कर्मचाऱ्यांची नाके तपासायची घाई करू नका; सापडले तर त्या माणसावर शिक्का बसतो आणि उपाय शेवटी हात धुण्याचाच असतो. मात्र कोणाच्या हातावर गळू, नायटा किंवा उघडी जखम असेल तर त्याला थिएटरपासून दूर ठेवा, पगार न कापता. नाहीतर पुढच्या वेळी तो लपवेल.

मालकांना खरे सांगा. घरात लहान बाळ, केमोथेरपी घेणारे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेले कोणी असेल तर कुत्र्याने जखम चाटू नये, एका पलंगावर झोपू नये, पट्टी बदलताना मोजे घालावेत, एवढ्या साध्या सूचना लेखी द्या.

प्रयोगशाळेला फोन करून त्या जिवाणूंचे वाण राखून ठेवायला सांगा; तिसरी केस आली तर तुलना करता येते. पुन्हा सुरुवात कराल तेव्हा पहिल्या आठवड्यात दिवसाला एक-दोनच शस्त्रक्रिया घ्या, आणि प्रत्येकीच्या टाक्यांचा तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवसाचा फोटो मालकांकडून मागवून वहीत नोंदवा.